राहुरीच्या मातीतले न दिसणारे जीव

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला आणि शिंगणापूरला जाणारी माणसे राहुरीवरून जातात, पण राहुरीसाठी म्हणून उतरणारी थोडी. आपल्या समाजातल्या कुटुंबांनी मुलाबाळांना घेऊन कुठे जावे असे कोणी विचारले, तर आपण दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, अजिंठा-वेरूळ एवढी नावे सांगतो. राहुरीचे नाव त्यात मी आजवर ऐकलेले नव्हते. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र तिथे एक अख्खा दिवस काढला, आणि तोही अर्धा किलो मातीसाठी.

माझ्या आक्काचे सासर राहुरी तालुक्यातले, प्रवरेच्या कालव्याखालचे. दाजींच्या वाट्याला दीड एकर जमीन आहे. ती मूळची महारकीच्या वतनाची. वतन म्हणजे काय होते हे नव्या पिढीला सांगावे लागते. गावकीची, सरकारची सांगतील ती कामे रात्रंदिवस करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्या बदल्यात पोट भरणार नाही एवढा जमिनीचा तुकडा. प.पू. बाबासाहेबांनी हा फास ओळखून 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. 1939 च्या डिसेंबरात याच भागात, हरेगावला, त्यांच्या उपस्थितीत वतनदारांची परिषद झाली. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि ठरलेली रक्कम भरून जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. दाजींच्या आजोबांनी ती रक्कम कशी जमवली याची गोष्ट त्या घरात अजून सांगितली जाते.

जमीन आली, पण पाण्याने घात केला. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे बारमाही उसाला पाणी देऊ लागले. वरच्या अंगाच्या मळ्यांत ऊस डोलू लागला, निचरा मात्र कोणी पाहिला नाही. पाझरलेले पाणी खालच्या सखल तुकड्यांत साचले. ते उन्हाने वर आले आणि वाळले, की क्षार तेवढे मागे राहिले. अशी जमीन उन्हाळ्यात मीठ पेरल्यासारखी पांढरी दिसते आणि पावसाळ्यात चिकट चिखल होते. आमच्याकडे तिला चोपण म्हणतात. दाजींचा तुकडा खालच्याच अंगाचा. वतनाच्या जमिनी पाटाच्या वरच्या अंगाला कधी असतात काय!

शेजारचा एक बागायतदार गेली चार-पाच वर्षे दर उन्हाळ्यात विचारी, "तशीही पडीकच आहे, देऊन टाका." भाची बारावी शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी पास झाली. पुढच्या शिक्षणाला पैसा हवा. दाजींचे मन विकण्याकडे झुकले. आक्का तयार नव्हती, पण नको म्हणण्याला तिच्याजवळ कारण नव्हते. मी सुट्टीला गेलो तेव्हा घरात हाच विषय. शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, आधी माती तपासू. पडीक आहे की आजारी आहे ते तरी कळंल."

माती कशी काढावी हे तिने कॉलेजात ऐकले होते. शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घेतले. खड्ड्याच्या कडेचा वरपासून खालपर्यंतचा पापुद्रा काढला. सगळी माती फडक्यावर एकत्र करून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा मिसळले, असे अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. आक्का हे पाहून हसली. म्हणाली, "पोरीनं मातीचं पंचनामाच केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. राहुरी फॅक्टरीच्या फाट्यावर एस.टी. मिळाली. सहकारी साखर कारखान्यामुळे फाट्याचे नावच 'फॅक्टरी' पडले आहे. पुढे राहुरी गाव, मग मुळेचा पूल. पात्रात पाणी नव्हते. वर बारागाव नांदूरला 26 टी.एम.सी.चे मुळा धरण आहे, तेव्हा खालच्या नदीला उन्हाळ्यात काय उरणार? पूल ओलांडून नगरच्या बाजूला थोडे गेले की रस्त्यालगत महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते.

फाटकावरचे नाव वाचून आक्का जरा थांबली. तिला विद्यापीठ म्हणजे कोणत्या तरी साहेबाच्या नावाचे असेल असे वाटले होते. 1968 साली सबंध राज्यासाठी एक महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे अकोला, परभणी, दापोली अशी वेगळी विद्यापीठे झाली आणि राहुरीच्या विद्यापीठाला जोतीरावांचे नाव मिळाले. नाव देण्यात पुष्कळदा राजकारण असते, पण हे नाव त्या जागेला शोभते. जोतीराव नुसते शाळा काढणारे नव्हते. त्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि त्यात शेतकऱ्याच्या लुबाडणुकीबरोबर मातीचीही चिंता केली आहे. त्या चिंतेकडे पुढे येतो.

माती तपासणीच्या खिडकीत पिशवी दिली, नाव-गाव-गट नंबर लिहून फी भरली. अहवाल काही दिवसांनी मिळेल असे सांगितले. एवढ्या कामाला दहा मिनिटे लागली. परतीची घाई नव्हती, म्हणून भाचीने अणुजीवशास्त्र विभागाची चौकशी केली. तिथल्या एका मॅडमनी, कसलीही ओळखपाळख नसताना, आम्हाला तासभर दिला. आक्काला त्यांनी पहिल्यापासून 'मावशी' म्हटले.

आधी त्यांनी काचेच्या बशा दाखवल्या. एकीत हिरवी मखमल पसरावी तशी बुरशी होती. ती ट्रायकोडर्मा, मातीत राहणारी आणि मर रोगाच्या बुरशीला गुंडाळून खाणारी. म्हणजे बुरशीवर जगणारी बुरशी. दुसरीत दुधाळ थेंबांसारखे चिकट ठिपके होते, ते जिवाणू. एकेका ठिपक्यात कोट्यवधी.

बशीतला खालचा घट्ट थर काय आहे असे आक्काने विचारले, आणि मॅडमनी सांगितलेली गोष्ट मी मुद्दाम आपल्या भगिनींसाठी लिहितो. जर्मनीत रॉबर्ट कॉख जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे, जिवाणूही ते खाऊन पातळ करत. त्यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत. त्यांची पत्नी फॅनी हेसे हिने 1881 साली सुचवले की मी मुरांब्याला आणि जेलीला अगार वापरते, ते उन्हाळ्यातही वितळत नाही, ते घेऊन पाहा. अगार समुद्रशेवाळापासून निघते. आपल्याकडे किराणा दुकानात ते 'चायना ग्रास' म्हणून मिळते. 1882 साली कॉखने क्षयाचा जिवाणू शोधल्याचे जाहीर केले, तेव्हाच्या लेखात अगारचा उल्लेख आहे, पण फॅनीचे नाव नाही. आज जगातली बहुतेक प्रत्येक प्रयोगशाळा त्या बाईच्या स्वयंपाकघरातली वस्तू वापरते. आक्का म्हणाली, "नाव कशाला येतंय? बाईनं सांगितलं होतं ना!"

मग सूक्ष्मदर्शक. भाचीने आधी पाहिले, मग मी, मग फार आग्रह केल्यावर आक्काने. पहिल्या काचेवर रंगवलेले जिवाणू होते, बारीक काड्यांसारखे. दुसऱ्या काचेवर बुरशीचे तंतू, कापसाच्या पेळूतून सुटलेल्या धाग्यांसारखे, जागोजाग फुटलेले. आक्का बराच वेळ डोळा लावून होती. नंतर म्हणाली, "ही बुरशी म्हणजे झाडच का? हिरवं काहीच नाही हिच्यात."

प्रश्न अगदी मुळावरचा होता. मी शाळेत शिकलो तेव्हा सजीवांचे दोनच प्रकार होते, प्राणी आणि वनस्पती. चालत नाही म्हणून बुरशी वनस्पतीत, आणि जिवाणूही वनस्पतीतच. हरितद्रव्य नसलेल्या 'निम्न वनस्पती' असे त्यांचे वर्णन होई, आणि आंबा, ज्वारी, गुलाब या 'उच्च वनस्पती'. उच्च आणि निम्न! हे शब्द पाठ करताना वर्गात आम्हा तीन-चार मुलांना काय वाटत असेल, याचा विचार पुस्तक लिहिणाऱ्याने केला नव्हता. भाचीच्या पुस्तकात ही विभागणी राहिलेली नाही. रॉबर्ट व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1969 साली पाच सृष्टींची मांडणी केली आणि तिच्यात बुरशीला स्वतःचे वेगळे घर दिले. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासातून याहून मोठी फेरमांडणी झाली.

तिघांतला फरक मॅडमनी आक्काला पोट भरण्याच्या रीतीवरून समजावला, आणि मला तीच रीत सर्वांत सोपी वाटली. झाड ऊन, पाणी आणि हवा घेऊन हिरव्या पानात स्वतःची भाकरी स्वतः थापते. बुरशीला ते येत नाही. ती आपल्यासारखीच तयार अन्नावर जगते, फक्त आपण आधी खातो आणि मग पचवतो, ती आधी पचवते आणि मग खाते. अन्नावर पाचकरस सोडायचा, ते विरघळले की तंतूंनी शोषून घ्यायचे. तिच्या पेशींची भिंत झाडासारखी सेल्युलोजची नसते, कायटिनची असते. किड्याचे, खेकड्याचे कवच ज्याचे बनते तेच कायटिन. वंशावळीने पाहिले तर बुरशी झाडापेक्षा प्राण्यांच्या जवळची निघाली आहे, म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारे भूछत्र हे गवतापेक्षा आपले जवळचे नातलग!

जिवाणू या दोघांहून निराळे. झाडाच्या, बुरशीच्या आणि आपल्या पेशीत केंद्रक असते. जिवाणूच्या पेशीत ते नसते, आनुवंशिक द्रव्य तसेच मोकळे पडलेले असते. एका पेशीचा एक जीव. सोय मिळाली तर काही जाती वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. विरजणाचे दही करणारे तेच, ज्वारीची आंबील आंबवणारे तेच, आणि क्षय, पटकी देणारेही त्यांच्यातलेच. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. वळवाचा पहिला पाऊस पडला की जो वास येतो त्याचे मोठे श्रेय स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूंकडे जाते. त्यांच्याच कुळातल्या एका जातीपासून 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन निघाले, क्षयावर गुण देणारे पहिले प्रतिजैविक. गिरणीच्या चाळींतून, वस्त्यांतून आपली किती माणसे खोकून खोकून गेली, आणि औषध पायाखालच्या मातीत होते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. मॅडमनी मुगाच्या दोन कुंड्या पुढे ओढल्या. दोन्हींत महिन्याभराची रोपे, एकीतली गर्द हिरवी, दुसरीतली फिकट. त्यांनी हिरवे रोप उपटून मुळे पाण्यात धुतली. मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी होत्या. त्या पाहताच आक्का म्हणाली, "ही तर रोगाची मुळं. आम्ही खुरपताना अशी दिसली की बाजूला फेकायचो."

आक्का चौथीनंतर शाळेत गेली नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपते आहे. ज्वारीच्या कणसातली काणी, बाजरीचा गोसावी, उसाचा चाबूक, वेलावरची भुरी ही सगळी बुरशीची आणि तिच्या भाईबंदांची घराणी तिला नावाने ठाऊक. पण या गाठींबद्दल तिला कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्या शेतात ती खुरपायची त्यांना तरी माहीत होते की नाही कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं निम्मं बरोबर आहे. गाठीगाठींत फरक असतो." आणि त्यांनी तो दाखवला. अशी गाठ मुळाच्या कडेला बसलेली असते, बोटाने ढकलली की सुटते. वांग्याच्या, टोमॅटोच्या, डाळिंबाच्या मुळावर सूत्रकृमींमुळे येते ती गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही. सुटणारी गाठ मित्राची आणि न सुटणारी शत्रूची. ही खूण आमच्या वाचकांपैकी जे शेतात राबतात त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग त्यांनी एक गाठ ब्लेडने कापली. आत गुलाबी रंग, ताज्या जखमेसारखा. आक्काने हात मागे घेतला.

त्या रंगाची हकीकत अशी. हवेत नत्र 78 टक्के, पण झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना कारखान्यात ते तोडायला 400-500 अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम नावाचा जिवाणू हेच काम मुगाच्या मुळाशी, मातीच्या नेहमीच्या उष्णतेत करतो. आधी मूळ काही द्रव्ये मातीत सोडून त्याला बोलावते. तो उत्तरादाखल आपले द्रव्य सोडतो. मग मुळावरचे केस वाकून त्याला आत घेते आणि त्याच्यासाठी गाठीचे घर बांधते. झाड साखर देते, जिवाणू नत्र देतो. अडचण एकच, नत्र तोडणारे त्याचे विकर प्राणवायूने नासते, आणि जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत एक गुलाबी प्रथिन तयार होते. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि मोजूनमापून सोडते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले ते आहे, त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. गाठ आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट-तपकिरी झाली की काम संपले, आणि पांढरी असेल तर अजून सुरू झालेले नाही किंवा पाहुणाच चुकीचा आला आहे.

चुकीचा म्हणजे काय? प्रत्येक कडधान्याचा जिवाणू ठरलेला असतो. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. दुकानदार 'कोणतंही घ्या, एकच आहे' म्हणाला तर ऐकू नये. पाकिटातले संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकीट उन्हात ठेवले तर आत नुसती भुकटी उरते, आणि मग शेतकरी म्हणतो की जिवाणूखत म्हणजे थोतांड.

बाहेर आल्यावर आम्ही एका झाडाखाली भाकरी सोडली. तिथे मला 'असूड' आठवला. जोतीरावांनी लिहिले आहे की डोंगरावरच्या पानाफुलांचे, मेलेल्या किड्यांचे, जनावरांच्या मांसा-हाडांचे कुजून झालेले सत्त्व वळवाच्या पुराबरोबर ओढ्यानाल्यात वाहून जाऊ देऊ नये, त्यासाठी ताली-बंधारे घालावेत. हे 1883 सालचे. शेंगावर्गीय झाडे मुळांच्या गाठींतून हवेचे नत्र घेतात हे हेलरिगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 साली मांडले, आणि गाठीतला जिवाणू बायेरिंकने 1888 साली वेगळा काढला. कुजणे कोण घडवतो याचे हे शास्त्र तेव्हा नुकते जन्माला येत होते. जोतीरावांना जिवाणू दिसले नसतील, पण कुजणे म्हणजे नासणे नव्हे, ती शेताची शिदोरी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

हे वाक्य मी आक्काला सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "मेलेली जनावरं ओढणारे तर आपणच होतो." त्यावर मी काही बोललो नाही. एखादा गोड बोलणारा माणूस म्हणेल की पाहा, निसर्गातही कुजवण्याचे काम करणारे जीव किती थोर आहेत, तसेच तुमचे पूर्वज. ही थोरवी मला नको आहे. जिवाणू आणि बुरशी ते काम स्वतःच्या पोटासाठी करतात, त्यांच्यावर ते कोणी जन्माने लादलेले नाही, आणि काम केल्याबद्दल त्यांना गावाबाहेर कोणी ठेवत नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे सांगितले ते योग्यच होते. घाण लागली ती कामाची नव्हे, सक्तीची.

बाबासाहेबांचा मातीशी संबंध काय, असेही काही जण विचारतात. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे एवढ्याने शेती तोट्यात जात नाही, त्या तुकड्यावर घालायला भांडवल आणि साधने किती आहेत हे पाहावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या दीड एकराला तो तंतोतंत लागू होता.

अहवाल आला. सामू नऊच्या वर, सोडियम जास्त, सेंद्रिय कर्ब अगदी थोडा. म्हणजे जमीन आजारीच होती. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही, मग मातीतले उपयोगी जीवही गुदमरतात. उपाय क्रमाने लिहून आला होता. आधी निचऱ्याचा चर. मग शेणखताबरोबर जिप्सम, कारण त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि पावसाचे पाणी त्याला चरातून बाहेर नेते. चर नसेल तर जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. मग ढैंच्याचे हिरवळीचे खत. जिप्समचा आकडा इथे देत नाही, तो प्रत्येक जमिनीचा वेगळा असतो.

चर खणायला दाजींनी दोन दिवस कुरकुर केली. भाचीने पहिल्या वर्षाचे शुल्क शिष्यवृत्तीत बसते का याची धावपळ केली, तेव्हा कुठे त्यांनी कुदळ उचलली. मृगाच्या सरी झाल्यावर एकरी वीस किलो याप्रमाणे ढैंचा पेरला. खारट जमिनीतही जो तग धरतो आणि ज्याच्या मुळांवर गाठी येतात असा हा शेंगावर्गातला झुडपी गडी. पहिल्या पंधरा दिवसांत तो इतका खुरटा दिसत होता की बागायतदार बांधावर येऊन हसून गेला.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वर्षावास का सुरू झाला याची कथा विनयपिटकात आहे. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवी तृणे तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. अडीच हजार वर्षांपूर्वी सामान्य माणसे गवताच्या जिवाची तक्रार घेऊन येत होती आणि ती ऐकली जात होती.

पेरल्यापासून सात आठवड्यांनी ढैंचा कमरेच्या वर गेला, फुलावर आला. तो याच वेळी गाडायचा, उशीर झाला की खोड निबर होते आणि कुजत नाही. मी त्या रविवारी मुद्दाम गेलो होतो. ट्रॅक्टरवाला नांगर लावून उभा. आक्काने त्याला हाताने थांबवले आणि रानात शिरून दहा-बारा झाडे मुळांसकट उपटली. वरच्या अंगाच्या झाडांना गाठी भरपूर होत्या, खालच्या पांढऱ्या कोपऱ्यातल्या झाडांना तुरळक.

ती जुडी घेऊन ती विहारात गेली. संध्याकाळच्या वाचनाला मुले जमली होती. भाचीने ब्लेडने एकेक गाठ कापून दाखवली आणि आक्काने मुले शांत ठेवली. एका लहान मुलाने विचारले, "हे रगत आहे का?" भाची म्हणाली, "रक्त नाही, पण रक्ताच्या नात्यातलं आहे." मुलाला ते पटले नसावे. त्याने ती गाठ खिशात घातली.

रब्बीत वरच्या अंगाला गहू गुडघ्याच्या वर आला. सहा पोती झाला. खालच्या दहा-बारा गुंठ्यांत अजून पांढरेच आहे. बागायतदार यंदा विचारायला आला नाही. दाजींनी चर आणखी हातभर खोल केला आहे, आणि आक्काने ढैंच्याचे बियाणे मृगाच्या आधीच आणून ठेवले आहे.